प्रकाश हिवराळे त्या दिवशी ऑफिसात नव्हते

एके दिवशी दुपारी मुंबईहून फोन आला. मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

त्या उत्तराबद्दल मी आजवर कुणाशीही बोललेलो नाही. बायकोशी नाही, भावाशी नाही, ज्यांच्याबरोबर रोज चहा प्यायलो त्यांच्याशी तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर जे ओळखता ते खरं नाही.

मी सावकाश लिहितो. आयुष्यभर घाईत लिहिलं — बातमी वाचायला अँकर बसलेली, मशीन थांबलेलं, आणि मी उभ्या उभ्या ओळी जुळवतोय. आता कुणाची घाई नाही. ज्याला हे वाचायची घाई असायला हवी होती, तो माणूस यंदाच्या उन्हाळ्यात गेला.

आधी ऑफिसबद्दल सांगतो. हे टाळणं आहे, कळतं मला. पण ऑफिस सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही.

मी एका मराठी वृत्तवाहिनीच्या संभाजीनगरच्या कार्यालयात होतो. वाहिनीचं नाव लिहीत नाही. तिला वाचवायचं आहे म्हणून नव्हे. माझं तिच्यावर ढकलायचं नाही म्हणून. सुरुवातीला आमच्याकडे सगळं होतं. दोन कॅमेरामन, दोन बातमीदार, एक गाडी, गाडीला चालक, आणि तालुक्यातालुक्यांत आमची माणसं. गंगापूरला काही घडलं की तासाभरात गाडी निघायची. संध्याकाळी अर्धा तास फक्त मराठवाड्याच्या बातम्या असायच्या. लोक ते बघायचे. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यासुद्धा बोलायच्या त्यावर.

मग मुंबईहून कपात सुरू झाली. पहिल्यांदा गाडी गेली. गाडी गेल्यावर चालकाचं काय काम? तोही गेला. एक कॅमेरामन पुण्याला बदलून गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. बातमीदारांतला एक स्वतः सोडून गेला, दुसऱ्याला सोडायला सांगितलं. तालुक्याच्या माणसांचं मानधन आधी उशिरा येऊ लागलं, मग येईनासं झालं. अर्ध्या तासाचं बातमीपत्र पाच मिनिटांवर आलं, आणि उरलेल्या वेळात एक गृहस्थ अंगठ्या विकत राशिभविष्य सांगू लागले. शहराचं नाव बदललं, तरी आमच्या दारावरची पाटी बदलायला रंगारी पाठवला गेला नाही. आम्ही बरेच दिवस जुन्या नावाच्या पाटीखालून नव्या नावाच्या बातम्या देत होतो.

शेवटी दोघं उरलो. मी आणि प्रकाश हिवराळे.

मी लिहायचो, निवडायचो, मशीनवर दृश्यं जोडायचो, मुंबईला पाठवायचो. प्रकाश कॅमेरा घेऊन स्वतःच्या मोटारसायकलवर फिरायचा. भावसिंगपुऱ्यात त्याचं घर, छावणीच्या पलीकडे. वयानं माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. तो मला 'सर' म्हणायचा, मी त्याला अरे-तुरे करायचो. हे असंच का होतं, असा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही — निदान मला पडला नाही. त्याला पडला असेल.

तो हळू काम करायचा. मुख्यमंत्री येऊन भाषण ठोकून गेले तरी हा मागे थांबून खुर्च्या गोळा करणाऱ्या बायकांचं चित्रण करत बसायचा. मी चिडायचो. म्हणायचो, "अरे, ते कोण दाखवणार?" तो म्हणायचा, "राहू द्या ना सर. कधीतरी लागंल."

लागलं. मीच वापरलं ते सगळं.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. बातमी आजची आणि दृश्यं जुनी असतील, तर पडद्याच्या कोपऱ्यात 'संग्रहित' असा शब्द टाकायचा असतो. एवढासा शब्द. पाहणाऱ्याला कळावं, की हे धरणाचे दरवाजे आजचे नाहीत, ही गर्दी आजची नाही. प्रामाणिकपणा म्हणतात तो आमच्याकडे तेवढ्या जागेत मावायचा.

मुंबईहून सांगण्यात आलं, की ज्या ऑफिसातून ताजी दृश्यं येत नाहीत ती ऑफिसं ठेवून काय करायचं, याचा विचार चालू आहे. लगेच बंद करू असं कुणी म्हणालं नाही; ते लोक तसं कधीच म्हणत नाहीत. मी समजलो. एक कॅमेरा, एक मोटारसायकल, आणि एवढा मोठा जिल्हा. ताजी दृश्यं आणायची कुठून?

मी तो शब्द टाकणं बंद केलं.

प्रकाशच्या लक्षात आलं. तो बाजूला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कोपऱ्यात ते लिहिलं नाही तुम्ही."

मी म्हणालो, "लिहिलं तर तू आणि मी दोघं घरी बसू."

"लोक वळखतात हो सर. माझं गाव वळखतं."

मी हसण्यावारी नेलं. कापसाच्या भावाची बातमी आली, की मी वैजापूरच्या मार्केट यार्डातली तीच दृश्यं लावायचो. त्यात धोतर-टोपीवाले एक आजोबा बशीत चहा ओतून पीत बसलेले होते. प्रकाशनं फार सुंदर टिपले होते. मी त्यांना हंगामामागून हंगाम दाखवलं. एकदा वैजापूरहून आमच्या माणसाचा फोन आला. मानधन थांबलं होतं तरी तो बिचारा सवयीनं फोन करायचा. म्हणाला, "सर, ते नाना वारले की हो मागच्या साली. तुम्ही त्यांला अजून चहाच पाजायलेत."

मी हसलो. प्रकाशला सांगितलं, तर तो हसला नाही. आता विचार करतो, मी तेव्हाच का थांबलो नाही? मेलेल्या माणसाला मी जिवंत म्हणून दाखवत होतो आणि ते मला विनोदी वाटलं. मी पुस्तकं वाचणारा माणूस. घरात भिंतभर पुस्तकं. ऑफिसात सगळे म्हणायचे, पाठक सरांचं मराठी काय शुद्ध! त्या शुद्ध मराठीत मी रोज संध्याकाळी शिळं वाढत होतो.

आता पुढचं.

वैजापूर तालुक्यात भेसळीच्या दुधावर छापा पडल्याची बातमी आली. आमच्या माणसानं फोनवर दोन ओळी पाठवल्या, चित्रण नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "चित्रण पाहिजे तर पेट्रोल टाका गाडीत." बरोबर होतं त्याचं. प्रकाश तेव्हा कलेक्टर कचेरीत होता. पाणीटंचाईची बैठक होती आणि ती संपेपर्यंत तो येणार नव्हता. बातमी तासाभरात हवी होती. इतर वाहिन्यांवर सुरू झाली होती.

मी हार्ड डिस्क उघडली. दूध, असा शोध घेतला.

खुलताबादजवळच्या एका गावात इंदूबाई नावाच्या विधवा बाई दूध संकलन केंद्र चालवायच्या. नवरा गेल्यावर दोन म्हशींवर सुरुवात केलेली, पुढे आजूबाजूच्या वस्त्यांचं दूध त्यांच्याकडे येऊ लागलं. त्यांच्यावर आम्ही एकदा बातमी केली होती — गाडी होती त्या काळात. प्रकाश आदल्या दिवशीच गावात मुक्कामाला गेला होता, कारण त्याला थंडीतली सकाळ हवी होती. त्यानं जे आणलं ते मी विसरणार नाही. कॅन तिरपा केलेला, दुधाची जाड धार कापडातून खाली पडते आहे, ताज्या दुधाची वाफ वर येते आहे, आणि त्या वाफेमागे इंदूबाईंचा चेहरा. कॅमेऱ्याकडे न बघता कामात असलेला.

आमच्या ऑफिसातलं सगळ्यात देखणं दृश्य होतं ते. म्हणूनच मी ते उचललं. डिस्कवर दुसरी दृश्यं नव्हती असं समजू नका. रिकाम्या कॅनची होती, टँकरची होती, ज्यात माणूस नाही अशी होती. मला देखणं हवं होतं. आणि बातमीला मथळा मीच दिला — 'पांढऱ्या दुधाचा काळा धंदा'. इतका स्वस्त मथळा मी दुसऱ्या कुणाच्या हातून खपवून घेतला नसता.

तो मथळा इंदूबाईंच्या चेहऱ्यावरून गेला. कोपऱ्यात शब्द नव्हता. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती बातमी पुन्हा पुन्हा लागत राहिली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी इंदूबाई ऑफिसात आल्या. सोबत त्यांची सून. एसटीनं आल्या होत्या. दारातून आत येताना चपला बाहेर काढल्या, आणि तेवढ्यानं मला उगाच हायसं वाटलं, की ही बाई भांडणार नाही. मी किती हलका माणूस आहे, हे मला त्या चपलांवरून कळतं.

प्रकाश आत बसलेला होता. त्याला बघितल्याबरोबर त्या थेट त्याच्याकडे गेल्या.

"तुमी तर माझ्या घरी जेवून गेलते, भाऊ. मंग असं कामून केलं?"

प्रकाश उठून उभा राहिला. त्याला काही माहीत नव्हतं. ती बातमी त्यानं पाहिलीही नव्हती. त्या आठवड्यात तो रोज गावोगाव फिरत होता. सुनेनं मोबाइल काढून दाखवलं. कुणीतरी टीव्हीवरून ते चित्रण करून गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं. त्यानं पाहिलं. पूर्ण पाहिलं.

"लोकांनी दूध घालायचं बंद केलं," सून म्हणाली. "रस्त्यानं जाताना पोरं 'युरिया, युरिया' म्हणून वरडतेत आत्याबाईला."

"छापा वैजापूरकडं पडला म्हणे," इंदूबाई म्हणाल्या. "मंग तोंड माझं कशाला दावलं? म्या काय पाप केलं व्हतं? तुमी म्हणले, हिकडं बघू नका, काम करत ऱ्हावा. म्या तसंच केलं ना?"

प्रकाशनं माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर काही नव्हतं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बाई, यांचा काही संबंध नाही, मी केलं — एवढंच. वेळ होता मला. खोलीत पंख्याशिवाय काही हलत नव्हतं. मी वाट पाहत राहिलो, कशाची ते माहीत नाही. आणि मग प्रकाश म्हणाला, "मावशी, चूक झाली आमची."

आमची, म्हणाला तो. मी तो शब्द घेतला आणि त्याच्या आड बसलो.

आम्ही खुलासा दाखवला. म्हणजे पडद्याच्या खालच्या पट्टीत, क्रिकेटचा स्कोअर आणि एका गादीची जाहिरात यांच्यामधून, एक ओळ सरकत गेली. त्या ओळीत इंदूबाईंचं नावही नव्हतं. ज्यांनी चेहरा पाहिला होता त्यांना त्या ओळीवरून काय कळणार होतं? मीच लिहिली ती ओळ. दिलगिरी हा शब्द ऱ्हस्व-दीर्घ नीट तपासून लिहिला.

पुढे इंदूबाईंच्या भाच्यानं वकिलाची नोटीस पाठवली. आणि मुंबईहून फोन आला.

आता सांगतो. इतका वेळ घेतला त्याबद्दल तुम्ही मला बोल लावलात तर चालेल.

पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून तरुण. नम्र बोलत होत्या. त्यांनी विचारलं, "ही दृश्यं कुणाची?"

मी म्हणालो, "प्रकाश हिवराळेंची." हे खरं होतं. त्यानंच टिपली होती.

"त्यांनी ती ताजी म्हणून दिली का?"

मी म्हणालो, "हो."

पुढे आणखी एक वाक्य मी आपणहून बोललो. कुणी विचारलेलं नसताना. "जुनी आहेत याची मला कल्पना नव्हती."

एवढंच. माझ्या तोंडून ते किती सहज निघालं, हे मला अजून ऐकू येतं. आवाज थरथरला नाही. त्या बाईंनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, प्रकाशला तर नाहीच. त्या 'थँक यू सर' म्हणाल्या. का विश्वास ठेवला त्यांनी? मला वाटतं, माझ्या बोलण्यावर. पाठक आडनाव, नीट शब्द, शांत सूर. अशी माणसं खोटं बोलत नाहीत असं आपल्याकडे धरून चालतात. हिवराळे आडनावाच्या कॅमेरामनला कुणी धरून चालत नाही, त्याला सिद्ध करावं लागतं. हे मला त्या क्षणी माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी 'हो' म्हणालो. माहीत नव्हतं असं आज म्हणालो, तर ते दुसरं खोटं होईल.

आणि हेही माहीत होतं, की दोघांतला एक जाणार आहे. चित्रण मोबाइलवर कुणीही करतं, मग कॅमेरामन कशाला; किंवा लिहिणारा मुंबईतही बसू शकतो, मग मी कशाला — त्यांचा हिशेब कुठल्याही बाजूला झुकला असता. मी तो झुकवला.

प्रकाशला पत्र आलं. तो माझ्यापाशी आला. हातात पत्र नव्हतं, खिशात घडी करून ठेवलं होतं.

"सर, तुम्हाला फोन आला होता ना? काय सांगितलं तुम्ही?"

"वरून ठरलं होतं रे," मी म्हणालो. "कपात."

बघा, किती सोपा शब्द. सगळ्यांना पटणारा. सगळीकडे कपात चालूच होती, खरीच होती. माझं खोटं मी त्या खऱ्याच्या पोटात ठेवलं. प्रकाशनं कॅमेऱ्याची केबल कोपरावर नीट गुंडाळली, ट्रायपॉडचे पाय पुसले, सगळं कपाटात ठेवलं आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. जाताना म्हणाला, "सांभाळून राहा सर. एकटेच आता तुम्ही."

बातमी फिरायला वेळ लागला नाही. आमच्या ऑफिससमोरच्या टपरीवर सगळ्या वाहिन्यांची, पेपरांची माणसं जमायची. तिथे प्रकाश आला, की कुणीतरी हटकून म्हणायचं, "काय प्रकाशभाऊ, आज ताजं का शिळं?" आणि सगळे हसायचे. तोही हसायचा. मी तिथे असायचो. हातात ग्लास असायचा. एकदा मीही हसलो होतो.

बातम्यांचं काम त्याला पुन्हा कुणी दिलं नाही. तो लग्नं करू लागला, हळदी, बारसं, वास्तुशांत. छावणीतल्या एका स्टुडिओसाठी पासपोर्टचे फोटो काढायचा. ज्या माणसाला थंडीतल्या एका सकाळीसाठी मुक्काम करायची हौस होती, तो दिवसभर लोकांना 'हनुवटी खाली घ्या' म्हणत बसला.

आणि मी? मला त्या खोटेपणातून एक वर्ष मिळालं. वर्षभरानं ऑफिस बंदच झालं. आता मी एका छापखान्यात प्रुफं तपासतो. एका वर्षासाठी. हे लिहिताना मला वाटलं होतं, की इथे काही मोठं वाक्य सुचेल. सुचत नाही.

यंदा उन्हाळ्यात प्रकाशच्या छातीत दुखलं. घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात नेलं, पण तोवर उशीर झाला होता.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. घरासमोर मांडव. बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, त्यांच्यापुढे प्रकाशचा फोटो, मेणबत्त्या. भंतेजी आले. सगळे उभे राहिले, त्रिशरण-पंचशील झालं. मी इतक्या वर्षांत त्यांच्याकडच्या बऱ्याच कार्यक्रमांना गेलो आहे, मला ते पाठ आहे. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याची जी ओळ आहे, तीही मी सगळ्यांबरोबर हात जोडून म्हटली. अडखळलो नाही.

नंतर भाषणं झाली. आमच्यातले एक ज्येष्ठ पत्रकार बोलायला उभे राहिले. भला माणूस आहे, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते म्हणाले, "प्रकाशकडून एकदा चूक झाली. धंद्यात अशी चूक मोठी मानतात. पण माणूस म्हणून तो मोठा होता, आपण ती चूक केव्हाच विसरलो आहोत."

समोर प्रकाशची बायको बसली होती, संगीता. तिनं मान खाली घातली. मांडवातल्या माणसांनी माना डोलावल्या. एका मेलेल्या माणसाला, त्यानं न केलेल्या गोष्टीची, सगळ्यांनी मिळून माफी दिली. किती मोठ्या मनानं!

त्यांच्यानंतर मी बोललो. माझा नंबर होता. मी त्याच्या कामाबद्दल बोललो, त्या दुधाच्या दृश्याबद्दल — हो, त्याच दृश्याबद्दल — चांगलं बोललो. लोक म्हणाले, सर छान बोलले. ती चूक त्याची नव्हती, हे मी बोललो नाही.

घरी आल्यावर हे लिहायला बसलो.

वरचं सगळं लिहून झाल्यावर मी बरेच दिवस थांबलो होतो. हे छापायला देण्याआधी संगीतावहिनींना सांगायला हवं, नाहीतर ही फक्त आणखी एक बातमी होईल, असं वाटत राहिलं. मागच्या रविवारी गेलो. त्या शाळेत पोषण आहार शिजवतात, सुटीच्या दिवशीच घरी सापडतात. मटार सोलत बसल्या होत्या. मी बसलो आणि सांगितलं. या पानांवर आहे तसंच, पण फार थोडक्यात. तोंडानं सांगताना ते चार-पाच वाक्यांतच संपतं.

मला वाटलं होतं, त्या रडतील किंवा बोलतील मला. त्या तशाच सोलत राहिल्या. मग थांबल्या.

"मी भांडले होते त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "ते सांगत होते, मी त्या दिवशी ऑफिसातच नव्हतो गं, मी दिलंच नाही ते. कुणीतरी त्यांना मुंबईहून कळवलं होतं, तुमच्या साहेबांनी असं असं सांगितलं म्हणून. मी म्हणलं, मग काय पाठक सर खोटं बोलतात का? एवढा शिकलेला माणूस? म्हणलं, तुम्हीच आळस केला असंल."

मी खाली सांडलेला एक दाणा उचलून परातीत टाकला.

"पुन्हा काढला नाही त्यांनी तो विषय. शेवटपर्यंत नाही." त्यांनी मटाराची परात बाजूला सारली. "आता मी कुणाला सांगू, की माझं चुकलं?"

मला वाटत होतं, की मी एका माणसाची नोकरी घेतली. फार तर नाव घेतलं. त्याच्या घरात, त्याच्या बायकोच्या तोंडून, माझं खोटं इतकी वर्षं त्याच्यासमोर खरं म्हणून बसून होतं, हे मला माहीत नव्हतं. तो टपरीवर हसायचा आणि घरी गप्प बसायचा. आणि मला 'सर' म्हणायचा — सगळं माहीत असून.

मी उठलो. दारापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "लिहिलंय म्हणता ना? मग छापा. त्यांचं पूर्ण नाव घाला. तुमचं बी घाला. आणि आता इकडं येऊ नका."

हे छापतोय असं कळल्यावर जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाचा फोन आला. म्हणाला, "पाठक, कशाला उकरताय? गेलेल्याला काय फरक पडतो? वाहिनीवाले अब्रूनुकसानीचा दावा टाकतील." मी म्हणालो, टाकू द्या. तो म्हणाला, "अहो, त्या काळात सगळ्यांनी काही ना काही केलं. पैसेच नव्हते. व्यवस्थाच तशी होती." मी त्याला विचारलं, व्यवस्थेनं फोन उचलला होता का? तो म्हणाला, तुमची तब्येत बरी नाही.

माझी तब्येत उत्तम आहे.

कपातीवर लेख लिहिणारे पुष्कळ आहेत. प्रादेशिक बातमी कशी मेली, जिल्ह्याजिल्ह्यांतले कॅमेरे कसे गेले, बातम्यांच्या जागी अंगठ्या कशा विकल्या जातात. ते सगळं खरं आहे, आणि त्यावर परिसंवादाला बोलावलंत तर मी दोन तास बोलेन. पण या गोष्टीत कपातीला बसायला जागा देणार नाही. कपातीमुळे गाडी गेली, चालक गेला, मानधन गेलं. इंदूबाईंचा चेहरा कपातीनं निवडला नाही. फोनवर 'हो' कपात म्हणाली नाही. रिकाम्या कॅनची दृश्यं डिस्कवर होती. खरं सांगून घरी बसायची सोय होती; प्रकाशनं घरी बसून दाखवलंच की.

तेव्हा त्या मांडवात ज्यांनी ज्यांनी माना डोलावल्या, त्यांना सांगतो: तुमची माफी परत घ्या. ती तुम्ही चुकीच्या माणसाला दिली. परत घेतलीत म्हणून ती माझ्याकडे वळवू नका. मला ती नको. मला समजून घेऊ नका, मोठ्या मनाचे होऊ नका, एवढ्या वर्षांनी का होईना बोलला, असं म्हणू नका. तो जिवंत असताना मी बोललो नाही.

माझं नाव अनंत पाठक. ज्यांचं नाव मी खराब केलं ते प्रकाश हिवराळे, कॅमेरामन, राहणार भावसिंगपुरा. भेसळीच्या दुधाची बातमी लागली त्या दिवशी ते कलेक्टर कचेरीत पाणीटंचाईच्या बैठकीचं चित्रण करत होते. दृश्यं मी निवडली, मी लावली, आणि विचारल्यावर मी त्यांचं नाव सांगितलं.

इंदूबाईंचं केंद्र पुन्हा सुरू झालं नाही. त्या सुनेच्या माहेरच्या गावी राहायला गेल्या, असं ऐकलं. तिथे गेलो नाही. आमच्या ऑफिसच्या जागेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. संगीतावहिनी सकाळी शाळेत जातात. मी याच शहरात राहतो.